शोषखड्डा

मशिदीच्या भोंग्यावरून पार्जोनोने स्वतःचं नाव ऐकलं, तेव्हा तो मागच्या अंगणात उकिडवा बसून नळीतल्या पाण्याकडे बघत होता. बोटभर जाडीची पारदर्शक नळी होती. एक टोक जामाच्या झाडाला बांधलेलं, दुसरं त्याच्या हातात. दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की जमीन कुठे किती उतरते ते कळतं. पाणी अजून वरखाली होत होतं आणि तो ते थांबायची वाट बघत होता. तेवढ्यात भोंगा खरखरला. नमाजाची वेळ नसताना भोंगा खरखरला की वस्तीतली माणसं हातातलं काम थांबवतात, कारण कोणीतरी गेलेलं असतं. कोण ते ऐकायचं, आणि मग पुन्हा कामाला लागायचं किंवा कपडे बदलायचे. पार्जोनोने नळीच्या टोकावर अंगठा दाबला आणि मान वर केली. आवाज सांगत होता की बू पार्जोनो, म्हणजे पार्जोनोची बायको, आज सकाळी वारल्या. त्याने मनात म्हटलं, बिचारा. शाळेमागे टायरचं दुकान चालवणारा आणखी एक पार्जोनो वस्तीत होता, त्याची बायको बरेच दिवस अंथरुणाला खिळली होती. सुटली म्हणायची, असं मनाशी म्हणत त्याने अंगठा उचलून पुन्हा नळीकडे बघितलं. पाणी थांबलं होतं. झाडाला बांधलेल्या टोकापाशी काल केलेली खूण बरोबर निघाली, याचं त्याला बरं वाटलं. मग भोंग्यावरून त्याच्या गल्लीचं नाव आलं. आणि त्यानंतर सुमिराह हे नाव आलं, जे वस्तीत फारसं कोणी उच्चारत नसे, कारण सगळ्यांना ती बू पार्जोनोच होती.

नंतर सगळ्यांनी त्याची माफी मागितली. बाटिकच्या कारखान्यात सुमिराह उकळत्या कढईपाशी उभी असतानाच खाली बसली ती उठलीच नाही. मालकाने टेम्पोत घालून तिला दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरांनी मान हलवली. कारखान्यातला एक माणूस पार्जोनोच्या घरी आला, दार वाजवलं, हाका मारल्या. पार्जोनो मागे होता, त्याला काही ऐकू गेलं नाही, आणि त्याचा फोन आत तांदळाच्या डब्यावर पडला होता. त्या माणसाला वाटलं, दवाखान्यातून कोणीतरी कळवलंच असेल, नवरा तिकडेच धावला असेल. तो तसाच मशिदीत गेला आणि नाव देऊन आला. यात चूक कोणाची म्हणायची? इथे हे असंच होतं, घरच्यांना कळलेलं असतं आणि मग वस्तीला कळवायचं असतं. या वेळी वस्तीला आधी कळलं. बातमी ऐकून शेजारच्या बू रुबियेम पळत मागच्या दाराने आल्या. तो नळीचं टोक धरून उभा होता आणि म्हणाला, "थांबा, पाणी सांडेल." बू रुबियेमनी नळी त्याच्या हातातून काढून घेतली आणि जमिनीवर सोडून दिली. पाणी पाचोळ्यावर सांडून मुरून गेलं.

खड्डा त्याने आदल्या दिवशी खणला होता. पश्चिमेच्या कोपऱ्यात, कमरेइतका खोल. त्या मातीत काळी रेती भरपूर होती, डोंगरावरून आलेली, तिच्यात फावडं सहज जातं आणि पाणीही. सुमिराहसाठी तो उघड्यावरची न्हाणी बांधत होता, आणि न्हाणीचं पाणी मुरायला तो खड्डा होता. दुपारी वस्तीतली माणसं मागच्या अंगणात आली. बाया कापडं बांधून आडोसा करू लागल्या. मयताला घालायच्या अंघोळीचं पाणी पायांखाली येऊ नये म्हणून नेहमी एक खड्डा खणतात. पोरं फावडी घेऊन आलीच होती. पाक काउम म्हणजे वस्तीतले विधी सांगणारे म्हातारे, त्यांनी कोपऱ्यात जाऊन वाकून बघितलं. "खड्डा तर तयारच आहे की," ते म्हणाले. मग त्यांच्या काय ते लक्षात आलं असावं, कारण त्यांनी पार्जोनोकडे बघितलं आणि विचारलं, "चालेल ना?" पार्जोनो म्हणाला, "चालेल." दुसरं काय म्हणणार होता? लोक उभे होते, मुलगी वेनिंग सेमारांगहून येऊन पोचली होती, सूर्य मावळायच्या आत दफन करायचं होतं. दुसरा खड्डा खणा असं म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, आणि त्या क्षणी त्याच्यापाशी कारण नव्हतं. कारण नंतर आलं.

त्यांच्यात घरची माणसं बाकावर ओळीने बसतात आणि मयत त्यांच्या मांडीवर आडवं ठेवून धुतात. लहानपणी आईबाप जसे मूल मांडीवर घेऊन धुतात, तसं. सुमिराहचं डोकं तिच्या धाकट्या बहिणीच्या मांडीवर होतं, पाय वेनिंगच्या, आणि मधलं सगळं ओझं पार्जोनोच्या. ती एवढी जड असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. बू रुबियेम आणि आणखी दोघी पाणी घालत होत्या. पाणी त्याच्या लुंगीतून आरपार गेलं, गुडघे गार पडले, ते पोटऱ्यांवरून खाली उतरलं. वेनिंग रडत होती आणि रडताना तिच्या मांड्या हलत होत्या, त्यामुळे सुमिराहचे पायही हलत होते. पार्जोनोने खाली बघितलं. पाणी त्याच्या पावलांशी साचलं नाही. आदल्या दिवशी त्याने नळी लावून, खुणा करून, फावड्याच्या कडेने एक उथळ चर ओढला होता, त्या चरातून ते सरळ पुढे गेलं. आधी साबणाचं पांढरं, मग स्वच्छ, मग शेवटचं कापराचं, फुलांच्या पाकळ्या घेऊन. कुठे अडलं नाही, कुठे पसरलं नाही. कोपऱ्यात गेलं आणि खड्ड्याने ते पिऊन टाकलं. त्या वेळी पार्जोनोच्या मनात आलं, उतार बरोबर साधला. आणि त्याला बरं वाटलं. सकाळी, टायरवाल्याची बायको गेली असं समजून, खूण बरोबर निघाली तेव्हा वाटलं होतं तसंच. बायको मांडीवर होती, आणि त्याला उताराचं बरं वाटलं. कोणाला सांगणार हे? दफन करून आल्यावर पोरांनी खड्डा बुजवला, वरून जमीन चोपून सारखी केली. रिवाजाप्रमाणे त्यावर चाळीस दिवस रोज संध्याकाळी दिवा लागला. नंतर दिवाही बंद झाला आणि ती जागा बाकीच्या अंगणासारखी झाली, फक्त तिथे गवत थोडं दाट उगवलं.

न्हाणीचं सुमिराह कितीतरी वर्षं म्हणत होती. पूर्वी विहिरीपाशी धुण्याचा दगड होता. कारखान्यातून आली की ती छातीपर्यंत लुंगी बांधून तिथेच उघड्यावर अंगावर पाणी घ्यायची. मग पंप बसला, विहिरीवर झाकण आलं, दगड निघाला, आणि घरात फरशीची बाथरूम झाली. सगळी वस्ती तसंच करत होती. सुमिराहचं काम कापडावरचं मेण उकळून काढायचं. केसांत, कोपरांवर, नखांत मेणाचे कण घेऊन ती घरी यायची, आणि हात निळीने कोपरापर्यंत निळे. घरातल्या बाथरूमची मोरी त्या मेणाने तुंबायची. पार्जोनो तार घालून, गरम पाणी ओतून ती मोकळी करायचा आणि म्हणायचा, "बुने, कारखाना घरी घेऊन येऊ नकोस." मुलगी झाल्यापासून तो तिला बुने, म्हणजे पोरीची आई, म्हणायचा, ती त्याला पाकने, पोरीचा बाप. ती म्हणायची, "मग बाहेर न्हाणी बांधा ना, पाकने. आत अंघोळ केली की डब्यात बसल्यासारखं वाटतं. वर बघावं तर छपराची झुरळं." तो म्हणायचा, बांधू. तेव्हा तो शहरबस चालवत होता. सकाळी अंधारात निघायचं, रात्री परत यायचं. मग निवृत्त झाला, तरी काही ना काही निघायचं. त्यात लबाडी नव्हती, खरंच बांधू असंच त्याला वाटायचं. बस चालवणाऱ्याला रस्त्याचा उतार पायाला कळतो, ब्रेकवरच्या तळव्याला. दिसायला सपाट असलेला रस्ता कुठे उतरतो हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. स्वतःच्या अंगणाचा उतार मात्र त्याने कधी पायाने बघितला नव्हता. या वर्षी त्याने स्वतःहून सुरुवात केली तेव्हा सुमिराह हसली. "काय झालं? सूर्य पश्चिमेला उगवला का?" म्हणाली. संध्याकाळी खड्ड्याच्या कडेला उभी राहून तिने आत बघितलं. "केवढा खोल! हत्ती धुणार आहात का?" आणि मग, "रात्री झाका त्याच्यावर काहीतरी. उघडा ठेवू नये." तो म्हणाला, "उद्या." सकाळी त्याने बघितलं तर खड्ड्यावर खराटा आडवा टाकलेला होता. रात्री कधीतरी उठून तिनेच टाकला असणार. तिसऱ्या दिवशीच्या जेवणाला स्वयंपाकघरात जमलेल्या बाया कुजबुजत होत्या, की नवऱ्याने खड्डा रात्रभर उघडा ठेवला, उघडा खड्डा कोणाला तरी मागतोच. तेव्हा तो दाराबाहेर चहाचा पेला घेऊन उभा होता. आत जाऊन सांगता आलं असतं की उघडा नव्हता, खराटा होता. पण त्याने सांगितलं नाही. तो खराटा त्यांच्या दोघांतला होता. त्यावर चार बायांनी मत द्यावं असं त्याला वाटलं नाही.

शंभराव्या दिवसाचं जेवण झालं, वेनिंग परत सेमारांगला गेली, आणि घर शांत झालं. अशी शांतता आधी नव्हती, कारण शंभर दिवस काही ना काही विधी पुढे उभा असायचा. आता पुढचा वर्षाचा. मधल्या दिवसांत काय करायचं हे कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यातच आतल्या बाथरूमची मोरी तुंबली. पाणी जात होतं, पण इतकं हळू की अंघोळ संपेपर्यंत घोट्यापर्यंत साचायचं. तार घातली, गरम पाणी ओतलं. वर आलं ते मेण होतं, पिवळट, मऊ, त्यात एक लांब केस. खरं तर फरशी फोडून आतली नळी काढली की झालं असतं. जावई फोनवर म्हणाला, "बापाक, मी माणसं पाठवतो, एका दिवसाचं काम आहे." पार्जोनोने नको म्हटलं. कारण विचारलं तर म्हणाला, बाहेर न्हाणी करतोय, ती झाली की आतली वापरणारच नाही. बोलून गेला आणि मग त्याला ते खरंच करावंसं वाटू लागलं. सुमिराहने मागितलेली एवढी एकच गोष्ट उरली होती. बाकी तिने फारसं काही मागितलंच नव्हतं. प्रश्न एवढाच होता की पाणी कुठे सोडायचं.

त्याने पुन्हा नळी काढली. दिवसचे दिवस तो अंगण मोजत राहिला. पूर्वेला स्वतःची विहीर. शोषखड्डा विहिरीपासून दहा मीटर लांब हवा, नाहीतर अंघोळीचं पाणी पिण्यात येतं, हे वस्तीत सगळ्यांना माहीत आहे. उत्तरेला संडासाची टाकी. दक्षिणेला भिंत आणि भिंतीपलीकडे लगेच बू रुबियेमची विहीर. उरला पश्चिमेचा कोपरा. तो तिथपर्यंत जायचा आणि वळायचा. तिथे गवत दाट होतं. त्या गवताखाली कुठेतरी सुमिराहचं शेवटचं पाणी होतं, आणि त्यावर आता त्याच्या अंगाचा मळ, साबणाचा फेस, दाढीचे केस सोडायचे. आणि नुसतं सोडायचं नाही. बुजवलेली माती आधी पुन्हा उपसायची. फावडं घातल्यावर खाली काय निघेल? काही निघणार नाही हे त्याला ठाऊक होतं. पाकळ्या कुजून गेल्या असतील, पाणी त्याच संध्याकाळी खाली उतरलं असेल. तरी फावड्याचा दांडा हातात घेतला की त्याच्या गुडघ्यांना गारवा जाणवायचा, आणि पाठोपाठ ते बरं वाटणं आठवायचं. मांडीवर ओझं आणि मनात उतार. मग तो फावडं ठेवून द्यायचा आणि पुन्हा मोजायला लागायचा.

एके दिवशी दुपारी बू रुबियेम भिंतीवरून बघत होत्या. त्या विधवा होऊन बरीच वर्षं झाली होती आणि कोणाची भीड ठेवायची त्यांना गरज उरली नव्हती. "पाक पार्जोनो," त्या म्हणाल्या, "अंगण मोजून मोजून झिजवलंत तुम्ही. आणखी थोडं झिजलं की विहिरीशिवायच पाणी लागेल." त्याने त्यांना समजावलं, की पाणी समोरच्या गल्लीतल्या गटारात नेता येतं का ते बघतोय. गटार अंगणापेक्षा वीतभर उंच आहे, म्हणून न्हाणीचा ओटा उंच करावा लागेल. विटांचे चार थर तरी. म्हणजे ओट्यावरून नळी घरामागून फिरवून... "थांबा, थांबा," बू रुबियेम म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही मंचावर उभं राहून अंघोळ करणार? लग्नातल्या नवरदेवासारखे? आणि मी इकडे भात शिजवताना बघत बसू?" तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला आणि हसताना त्याला स्वतःचा आवाज अनोळखी वाटला. "आडोसा करेन ना," तो म्हणाला. "आडोसा कराल, पण तुम्हाला वर चढवणार कोण? साबण पायाखाली आला की थेट माझ्या अंगणात पडाल. मग परत भोंगा." मग त्यांनी हनुवटीने पश्चिमेकडे दाखवलं. "आणि तिकडे कोपऱ्यात काय वाईट आहे?" त्यांनी विचारलं. तो नळी गुंडाळू लागला. त्यांनी भिंतीवरून एका ताटलीत तळलेले टेंपे, सोयाबीनच्या वड्या, पुढे केले आणि त्या आत गेल्या.

तो पाक काउमकडे गेला, ते कोंबड्यांना दाणे टाकत होते. त्याने आडून आडून विचारलं, मयताच्या अंघोळीचं पाणी गेलेला खड्डा परत उघडला तर काही... पाक काउमना कळायला वेळ लागला नाही. "काही नाही," ते म्हणाले. "पाणी कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून खड्डा. तेवढंच. चाळीस दिवस दिवा लावलात, झालं. माझ्या आईचं पाणी जिथे गेलं ना, तिथे आता माझा मुलगा मोटरसायकल उभी करतो. तेल गळतं मेलीचं." ते कोंबड्यांकडे बघत म्हणाले, "आईला मोटरसायकलचा आवाज सहन व्हायचा नाही. पण आता काय करता?" पार्जोनो घरी आला. मनाई नव्हती. मनाई असती तर बरं झालं असतं, असं वाटेत त्याच्या लक्षात आलं. कोणीतरी नको म्हटलं असतं तर तो विटांचा ओटा उंच करून, नळी फिरवून, वाकडं-तिकडं का होईना, काम उरकून मोकळा झाला असता. आता अडथळा फक्त त्याचा एकट्याचा राहिला, आणि तो कसला होता हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. वेनिंगचा फोन आला तेव्हा त्याने तिलाच विचारून बघितलं. ती मग म्हणाली, "बापाक, खड्डा कुठे होता तेच मला आठवत नाही. मला फक्त आईची पावलं आठवतात. टाचेला भेगा होत्या. मी कितीदा म्हटलं होतं, मलम लाव, मलम लाव." ती रडायला लागली आणि तो तिची समजूत घालत राहिला. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, आपण तिघं एका बाकावर बसलो होतो, एकच बाई आपल्या मांडीवर होती, आणि प्रत्येकाकडे तिचा वेगळा तुकडा राहिला. वेनिंगकडे टाचा. आपल्याकडे उतार.

दिवस तसेच गेले. जामाच्या झाडाखाली फळं पडून सडू लागली, ती तो रोज सकाळी खराट्याने गोळा करायचा. आत पाणी घोट्यापर्यंत साचायचं, तो त्यात उभा राहून अंगावर घेत राहायचा आणि नंतर बाहेर येऊन ते उतरायची वाट बघायचा. बरीच वाट बघावी लागायची. कधीकधी त्याला वाटायचं, हेच बरं आहे, हे मेण आहे तोवर ती अजून कारखान्यातून घरी येते. मग तो स्वतःवरच वैतागायचा. सुमिराह असती तर म्हणाली असती, पाकने, मोरी साफ करा, डोकं नंतर साफ करा.

एका संध्याकाळी बू रुबियेम ताटली परत न्यायला आल्या. ताटली धुऊन ठेवलेलीच होती, पण त्या बसल्या. मागच्या पायरीवर, कोपऱ्याकडे तोंड करून. त्याने चहा केला, भरपूर साखर घालून, त्यांना लागतो तसा. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "तिच्या नखांतली नीळ निघाली नाही, माहीत आहे का? मी काडीने काढायला बघितलं. घासलं, लिंबू लावलं. शेवटी तशीच सोडली. म्हटलं, देवाला काय, निळी नखं आधी बघितली नसतील त्याने?" पार्जोनो म्हणाला, "मला दिसलं नाही." "तुम्ही खाली बघत होतात," त्या म्हणाल्या. त्याचा पेला हातातच राहिला. म्हणजे त्यांनी बघितलं होतं. त्याला वाटलं, आता विचारतील, काय बघत होतात. तो म्हणाला, "पाणी बघत होतो." आणि मग, थांबता येईना म्हणून, "कसं जातं ते बघत होतो." बू रुबियेमनी चहाचा घोट घेतला. "मीही बघत होते," त्या म्हणाल्या. "पहिला तांब्या घातला आणि मनात म्हटलं, आता होणार चिखल. पाक सस्त्रोच्या वेळी काय झालं होतं आठवतं ना? घोट्यापर्यंत चिखल, दोघं घसरले, मयत पडता पडता वाचलं. जन्मभर लोक तेच सांगतात. इथे पाणी असं सरळ गेलं. मनात म्हटलं, बरं केलं या माणसाने. तिला नीट धुता आलं मला. घाई करावी लागली नाही." त्या पायरीवरून उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून. "बरं वाटलं मला," असं म्हणाल्या आणि ताटली घेऊन गेल्या. जाताना दारातून ओरडल्या, "आणि मंच नका बांधू हो!"

तो तिथेच बसून राहिला. त्याला रडू आलं नाही, हलकंही वाटलं नाही. एवढंच वाटलं की आपण ज्याला इतके दिवस एकट्याचं समजत होतो ते तिथे उभ्या असलेल्या आणखी एका माणसाच्या मनातही आलं होतं, आणि त्या बाईने ते घरी नेऊन त्याचं काहीच केलं नाही. भात शिजवला, झोपली. त्याने दोन्ही पेले विसळले. विसळलेलं पाणी झाडाच्या बुंध्याशी फेकलं. ते कोणीकडे वळतं ते त्याने बघितलं. कोपऱ्याकडे वळलं. त्या अंगणातलं कोणतंही पाणी, अडवलं नाही तर, तिकडेच जाणार होतं. न्हाणी बांधली नाही तरी पावसाचं जाणारच होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत त्याने गवताची ढेकळं काढून बाजूला लावली आणि फावडं घातलं. माती सैल होती, एकदा हलवलेली. गुडघ्यांना गारवा जाणवला, पण तो थांबला नाही. खाली तीच काळी रेती होती, ओलसर, वास मातीचा. कुठेही काहीही नव्हतं. खाली जाता जाता एकदा फावड्याला पाकळीसारखं काही लागलं, वर काढून बघितलं तर जामाचं कुजलेलं पान होतं. तळ गाठल्यावर त्याने खड्ड्यात उकिडवं बसून वर बघितलं. आभाळ तेवढंच दिसलं, जेवढं न्हाणीतून दिसलं असतं, थोडं कमी. मग त्याने फुटक्या विटांचा थर घातला, त्यावर ताडाच्या काथ्याचा, त्यावर खडी, पुन्हा काथ्या. चराचा उतार पुन्हा एकदा नळीतल्या पाण्याने तपासला. खूण तीच निघाली, आणि त्याला बरं वाटलं, आणि या वेळी त्याने त्या वाटण्याला काही म्हटलं नाही. पुढच्या काही दिवसांत ओट्याचं सिमेंट झालं, जमिनीलगत, उंच नाही. झाडाच्या बाजूने बांबूचा आडोसा उभा राहिला. विहिरीच्या टाकीवरून पाइप आला आणि त्याला पत्र्याची झारी लागली. भिंतीपलीकडून बू रुबियेम रोज काहीतरी बोलत होत्या. "तिरपी आहे," "सरळ आहे," "नवरदेवाला शोभेल," आणि तो "हो बू, हो बू" म्हणत काम करत होता.

सगळं झालं त्या दिवशी त्याने कपडे न काढता, लांब उभं राहून, चावी सोडली. पाणी झारीतून पडलं, ओट्यावरून पुढे सरकलं, जाळीतून खाली गेलं. तो कोपऱ्यात जाऊन कान देऊन ऐकत राहिला. खाली खडीत पाणी पडत होतं आणि मुरत होतं, वर येत नव्हतं. त्याने बराच वेळ पाणी चालू ठेवलं. जेवढं एका माणसाच्या अंघोळीला लागतं तेवढं, मग दोघांच्या अंघोळीला लागतं तेवढं. मग चावी बंद केली. संध्याकाळी तो टॉवेल घेऊन मागे आला, ओट्यापाशी उभा राहिला, आणि परत आत गेला. आतल्या बाथरूममध्ये अंगावर पाणी घेतलं. पाणी घोट्यापर्यंत साचलं आणि सावकाश उतरलं. न्हाणी तयार होती, खड्डा पाणी घेत होता. बाहेर अंघोळ करायची अजून राहिली होती.